जागा बघून कुलूप: मुंबईत दुचाकी चोरांपासून कशी राखावी

त्या रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी सहाच्या सुमारास खाली उतरलो, तर इमारतीसमोरची सगळी फरशी ओली आणि माझी गाडी उभी असायची तेवढीच जागा कोरडी. म्हणजे पाऊस थांबल्यावर, पहाटे केव्हातरी गाडी नेली होती. कोरड्या जागेच्या कडेला पांढऱ्या धातूचा नखाएवढा तुकडा पडला होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तो तळहातावर घेऊन पाहिला आणि म्हणाला, "हँडल लॉकचा आहे. एक झटका मारला की झालं."

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली ही गोष्ट. त्यानंतर मी स्वतःसाठी, धाकट्या भावासाठी आणि इमारतीतल्या आठ-दहा जणांसाठी कुलपं निवडली, बसवली, काही मुद्दाम कापूनही पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपण गाडीची किंमत बघून कुलूप घेतो आणि तिथेच चुकतो. गाडी कुठे आणि किती वेळ एकटी उभी राहते, ते बघून कुलूप घ्यायला हवं. लाखाची गाडी बंद आवारात उभी असेल तर तिला मध्यम कुलूप पुरतं. चाळीस हजारांची जुनी स्कूटर रात्रभर रस्त्यावर राहत असेल तर तिलाच जड साखळी लागते.

चोर गाडी नेतो कशी

हे नीट समजलं की अर्धी निवड आपोआप होते.

हँडल लॉक म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यात अडकणारी, बोटाच्या पेराएवढी खिट्टी. हँडल ही दोन-अडीच फुटांची तरफ आहे. तिच्या टोकाला पाय देऊन जोर लावला की सगळा भार त्या एका खिट्टीवर आणि तिच्याभोवतीच्या ओतीव धातूवर येतो, आणि तो तुटतो. फारसा आवाजही होत नाही.

पुढे गाडी सुरू करायचीच असं नाही. एक जण चोरीच्या गाडीवर बसतो, दुसरा आपल्या गाडीवरून मागून पाय लावून ढकलत नेतो. पेट्रोल संपलेली गाडी मित्राने अशी नेलेली आपण रोज बघतो, त्यामुळे एलबीएस मार्गावर मध्यरात्रीसुद्धा कोणाला त्यात वावगं वाटत नाही. जुन्या गाडीचं लॉक झिजलं असेल तर भलत्याच चावीनेही ती सुरू होते. तुमच्या गाडीची चावी चालू इंजिनात बाहेर निघत असेल, तर लॉकसेट बदलायची वेळ झाली आहे. हे काम कुठलाही मेकॅनिक तासाभरात करतो आणि या लेखातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा ते स्वस्त आहे.

तिसरा प्रकार उचलून नेण्याचा. रोजच्या वापराची गाडी शंभर-सव्वाशे किलोची असते. चार माणसं आणि एक टेम्पो असला की चाक बंद आहे की उघडं, याने काही फरक पडत नाही.

म्हणून क्रम असा धरा. आधी चाक फिरू नये, मग गाडी जागची उचलली जाऊ नये, मग हात लागला की कोणाला तरी कळावं. त्यानंतर गाडी शोधायचं साधन आणि शेवटी पैसे परत मिळायची सोय. बाजारात मात्र बहुतेक जण अलार्मपासून सुरुवात करतात, कारण तो आवाज करून दाखवता येतो.

पहिलं काम: जागा बघा

एका रात्री अकरानंतर खाली जा आणि गाडीजवळ पाच मिनिटं उभे राहा. दिवा आहे का? कॅमेऱ्यात गाडीची नंबरप्लेट दिसते, की फक्त गेट दिसतं? वॉचमनच्या खुर्चीतून गाडी दिसते का? जवळ लोखंडी खांब, जाळी, जिन्याचा मजबूत कठडा असं काही आहे का? मापाची टेप न्या आणि मागच्या चाकापासून त्या खांबापर्यंतचं अंतर मोजा. साखळी किती लांब घ्यायची ते यावरून ठरतं.

स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये गाडी दिवसा आठ-दहा तास राहते. तिथे गाड्या खेटून लावलेल्या असतात आणि पार्किंगवाला त्या सरकवतो. चाक बंद केलं की तो वैतागतो, पण डिस्क लॉक (डिस्क ब्रेकच्या भोकात पिन घालून चाक अडवणारं कुलूप) लावा आणि त्याला सांगून ठेवा. गाडी बाहेरच्या ओळीत असेल तर सरकवायची वेळ कमी येते, म्हणून मी दहा मिनिटं आधी निघून ती जागा धरतो. पावती सांभाळा. 'हरवल्यास जबाबदार नाही' असं तिच्यावर छापलेलं असतं, पण एवढ्याने सगळी जबाबदारी संपते असं समजू नका. हॉटेलच्या वॅले पार्किंगमधून चोरीला गेलेल्या एका कारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की, स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशी छापील सूचना पुढे करून झटकता येत नाही. स्टेशनचं पार्किंग हे वेगळं प्रकरण आहे, तरी ग्राहक आयोगात दाद मागायची झाली तर पावती हा पहिला पुरावा.

रस्त्यावर किंवा चाळीच्या बोळात रात्रभर उभी राहणारी गाडी सगळ्यांत जास्त धोक्यात असते. तिला चाकाचं कुलूप आणि खांबाला साखळी, दोन्ही हवं. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या नजरेसमोर असेल तर डिस्क लॉक आणि साधा अलार्म बहुतेक वेळा पुरतो.

दुसरं काम: चाक बंद करा

पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉकसारखी सोय नाही. वजन पाव ते अर्धा किलो, सीटखाली किंवा बॅगेत मावतं. घेताना तीन गोष्टी बघा.

पिनची जाडी. साधारण साडेपाच ते सात मिलिमीटरची पिन आपल्याकडच्या बहुतेक डिस्कच्या भोकांत जाते. दहा किंवा चौदा मिलिमीटरची अर्थातच दणकट, पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या डिस्कला तेवढी भोकं बरेचदा नसतात. ऑनलाइन मागवण्याआधी मेकॅनिककडची ड्रिलची बिटं घ्या आणि एकेक भोकात घालून बघा. जे सर्वांत मोठं बिट अलगद आत जातं, तेवढी तुमची कमाल पिन.

पिन कुठे अडकते. ती डिस्कमधून पार जाऊन पलीकडच्या बाजूलाही घट्ट बसायला हवी. एकाच बाजूने धरलेली पिन पहारीने उचकटता येते.

आणि कुलपाचं अंग. पोलादी हवं. वरून चकचकीत आणि हातात हलकं लागत असेल तर ते बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं, आणि ते हातोड्याने फुटतं.

लावताना कुलूप कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला, जवळजवळ टेकेल असं लावा. मध्ये जागा राहिली की चाकाला वेग घेता येतो आणि त्या धक्क्याने डिस्क वाकते. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळ बारीक भोकांची किंवा खाचांची एक वेगळी रिंग दिसेल. कुलूप तिला किंवा तिच्या सेन्सरला लागता कामा नये.

सोबत हँडलपर्यंत येणारी भडक रंगाची गुंडाळीची दोरी मिळते. ती रोज लावा. एकदा दादरला घाईत मी कुलूप न काढताच गाडी काढली. फूटभर जाऊन आडवा झालो, गुडघा सोलला आणि डिस्क बदलावी लागली. त्या दिवशी दोरी घरी टेबलावर पडलेली होती.

ड्रम ब्रेकच्या स्कूटरला डिस्कच नसते, आणि मुंबईत अशा गाड्या भरपूर आहेत. अलॉय चाक असेल तर आऱ्यांमधून जाणारं यू आकाराचं कुलूप चांगलं. स्कूटरचं चाक लहान आणि मडगार्ड खाली आलेलं असतं, म्हणून आधी आतली जागा टेपने मोजा. हँडलच्या मुठीला आणि ब्रेकच्या दांडीला एकत्र धरणारं ग्रिप लॉकही मिळतं. ते लांबून दिसतं हा त्याचा फायदा. पण ब्रेकची दांडी स्वतःच मोडता येते, तेव्हा त्याला मी मुख्य कुलूप मानत नाही. दुकानात जाऊन पाच मिनिटांत यायचं असेल तेव्हा ते ठीक.

तिसरं काम: साखळी, आणि कानशीची परीक्षा

आधी एक सांगून टाकतो: प्लॅस्टिकच्या नळीत घातलेली वायरची केबल घेऊ नका. आमच्या इमारतीतल्या एकाने बोटाएवढी जाड दिसणारी केबल घेतली होती. नळी सोलली तर आत पेन्सिलीहून बारीक तारांचा पीळ निघाला. साध्या कटरने ती मी दोन दाबांत तोडली. हेल्मेट अडकवायला ती ठीक आहे.

साखळीत कडीची जाडी आणि पोलादाची कठीणता, दोन्ही बघावं लागतं. आठ-दहा मिलिमीटरची साखळी दोन-अडीच फुटी बोल्ट कटरने तुटते. बारा मिलिमीटरची कठीण केलेली साखळी तोडायला बराच मोठा कटर आणि दोन माणसं लागतात. सोळा मिलिमीटरची कठीण साखळी हाताच्या कटरला दाद देत नाही. मात्र तिचं वजन मीटरला पाच-सहा किलो भरतं. ती गाडीवर घेऊन फिरता येत नाही, रात्रीच्या जागेवर खांबाला तशीच अडकवून ठेवायची. जी साखळी रोज सोबत न्यायची आहे ती दहा-बारा मिलिमीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर पंधरा दिवसांत ती घरीच राहू लागते.

नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअर आणि अवजारांची दुकानं ओळीने आहेत. साखळी घ्यायला मी तिथेच जातो, खिशात एक छोटी कानस घेऊन. दुकानदाराला विचारून शेवटच्या कडीवर, दिसणार नाही अशा जागी, कानशीचे दोन हात मारतो. साधं लोखंड असेल तर कानस चावते, कडीवर चकचकीत पांढरा ओरखडा उठतो आणि खाली काळपट कीस पडतो. कठीण केलेलं पोलाद असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते, आवाजही किरकिरा येतो. एका दुकानदाराने 'हार्डन आहे' म्हणून हातात दिलेली साखळी कानशीने लोण्यासारखी चावली. त्याने मुकाट्याने आतून दुसरी आणली. जो हात लावू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मुंबईतल्या दुकानात व्हर्नियर कॅलिपर असतोच, कडी मोजायला सांगा. कपड्याच्या खोळीसकट मोजू देऊ नका.

चौकोनी किंवा षटकोनी कडीची साखळी गोल कडीपेक्षा बरी, कारण कटरची पाती त्यावरून सरकतात. परदेशी माल घेणार असाल तर ब्रिटनमधल्या सोल्ड सिक्युअरचा दर्जा (ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड) किंवा नेदरलँड्सच्या एआरटीचे तारे वेष्टनावर बघा. कंपनीने स्वतःच छापलेले 'लेव्हल १०'सारखे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

साखळी चांगली आणि कुलूप दरवाजाचं, असं मी खूप ठिकाणी बघतो. कुलपाच्या बाबतीत आपल्या शहराला परंपरा आहे. गोदरेजने १८९७ साली लालबागेत कुलपांपासूनच सुरुवात केली. पण घराच्या कडीला लावायचं कुलूप आणि रस्त्यावर पावसात लटकणारं कुलूप यांची कामं वेगळी आहेत. ज्याचा वाकडा दांडा कमीत कमी बाहेर दिसतो, असं गोल शटरचं किंवा खांदे उंच असलेलं कुलूप घ्या. कटरला दांड्यात शिरायला जागाच मिळता कामा नये.

बांधताना साखळी मागच्या चाकातून आणि जमलं तर फ्रेममधून घ्या. नुसत्या पुढच्या चाकातून घेतली तर एक्सल काढून चाक तिथेच ठेवून गाडी नेता येते. आणि साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर टेकलेल्या कडीवर कटरचा एक दांडा जमिनीला लावून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो, हातोड्याला तर जमीन ऐरणीसारखी सापडते. साखळी ताणून, वर, चाक आणि खांब यांच्या मध्ये राहिली पाहिजे. सैल उरत असेल तर चाकाला आणखी एक वेढा द्या.

बॅटरीच्या ग्राइंडरपुढे यातलं बहुतेक काही मिनिट-दोन मिनिटांत कापलं जातं, हेही खरं. पण ग्राइंडर चालला की ठिणग्या उडतात आणि आख्खी चाळ जागी होते. त्या दोन मिनिटांसाठीच उजेडाची आणि लोकांच्या नजरेतली जागा निवडायची.

खांब नसेल तर

सोसायटीत अँकर, म्हणजे साखळी अडकवायला जमिनीत पक्का केलेला हूक, बसवता येतो. समितीला लेखी अर्ज द्या, आणि चार-पाच दुचाकीवाल्यांनी मिळून द्या म्हणजे लवकर मंजुरी मिळते. आरसीसी खांबाला भोक पाडू नका. आतल्या सळ्यांना धक्का लागतो, पाणी शिरतं आणि ते सगळ्या इमारतीला भोवतं.

मुंबईत आवार पेव्हर ब्लॉकचं असतं. ब्लॉकमध्ये ठोकलेला अँकर ब्लॉकसकट हाताने उपसता येतो. तीन-चार ब्लॉक काढून फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा करायचा, त्यात जाड सळईचा यू आकाराचा हूक काँक्रीटमध्ये पुरायचा. हुकाची खालची टोकं बाहेरच्या बाजूला वाकवलेली हवीत. आठवडाभर पाणी मारा, मगच साखळी अडकवा. आमच्याकडे असे सहा हूक एका रविवारी घातले, गवंडी आणि सामान मिळून खर्च वाटून घेतला.

अलार्म

अलार्म चोराला धरत नाही, तो चोराचा वेळ कमी करतो. म्हणून चाक बंद केल्यावरच त्याला अर्थ आहे. चाक मोकळं असेल तर बोंबलणारी गाडी ढकलत पहिल्या वळणापर्यंत नेली जाते आणि तिथे वायर ओढली जाते.

आवाजाचा हिशोब आधी करा. वेष्टनावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं, ते अगदी जवळून मोजलेलं. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ११० असेल तर सोळा मीटरवर ८६ उरतात. चौथ्या मजल्यावर, बंद खिडकी आणि पंख्याच्या घरघरीत झोपलेल्या माणसाला तो आपल्याच गाडीचा वाटेलच असं नाही. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहत असाल तर भोंगा पुरेसा आहे. वर राहत असाल तर खिशातल्या रिमोटवर किंवा मोबाइलवर इशारा देणारा घ्या.

सोपा पर्याय म्हणजे अलार्मचा डिस्क लॉक. गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही, आत बटणाच्या आकाराचे छोटे सेल असतात. सेल वर्षातून दोनदा बदला आणि एक संच घरात ठेवा. पावसात याचा सेन्सर भिजला की तो विनाकारण ओरडतो किंवा मुका होतो, म्हणून रबरी गॅस्केट बघून घ्या आणि लावताना सेलचं झाकण खाली करा.

वायरिंगचा अलार्म बसवणार असाल तर बॅटरीचं गणित डोळ्यांसमोर ठेवा. शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांची बॅटरी तीन अँपिअर-तासांच्या आसपास असते. अलार्म दहा मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. सहा दिवसांत अर्धी बॅटरी संपली. गणपतीला कोकणात आठ दिवस गेलात तर परत आल्यावर सेल्फ फिरणार नाही. बसवल्यावर मेकॅनिकला बॅटरीच्या ऋण टोकाशी मल्टिमीटर जोडून, गाडी बंद असताना किती प्रवाह जातो ते दाखवायला सांगा. दोन-तीन मिलिअँपिअर असेल तर निर्धास्त राहा.

आणखी दोन अटी. वायरिंग कापून चिकटपट्टी लावणारा नको, कपलर जोडून आणि फ्यूज घालून देणारा हवा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि रिमोटचा कोड दर वेळी बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचा हवा. स्वस्त रिमोटचा कोड ठरलेला असतो, त्याची नक्कल करून देणारी यंत्रं चावीवाल्यांकडे उघड मिळतात.

सगळ्यांत जास्त वेळ द्या तो संवेदनशीलता लावायला. मुंबईत गाडी कधीच शांत जागी नसते. रेल्वे रुळालगत लोकल गेली की जमीन थरथरते, डंपर जातो, गणपतीत ढोल वाजतात, दिवाळीत फटाके. आमच्या मागच्या इमारतीतली एक स्कूटर लक्ष्मीपूजनाच्या रात्री सतत ओरडत राहिली. भाऊबीजेपर्यंत तिचा आवाज आला तरी कोणी खिडकीतून वाकून बघेनासं झालं. असा अलार्म असून नसल्यासारखा. म्हणून दोन पायऱ्यांचा अलार्म घ्या: सीटवर तळहाताने थोपटलं तर एकच टिकटिक, गाडी स्टँडवरून उतरवली तर पूर्ण भोंगा. ट्रेन आणि डंपर जाताना तिथेच उभं राहून तो लावा. शोरूममधल्या सेटिंगवर सोडू नका.

याच कामात मेकॅनिककडून चोर स्विच बसवून घ्या. इग्निशनची किंवा फ्युएल पंपाची वायर तोडणारा छोटा लपवलेला स्विच. २०२० नंतरच्या, बीएस-सहा या प्रदूषण मानकाच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं, तिथे हे काम माहितगारानेच करावं, कारण चुकीची वायर तोडली तर इंजिनचा दिवा पेटतो. जागा अशी निवडा की बसल्या बसल्या हात पोचेल पण पाणी पोचणार नाही. ढकलत नेणाऱ्याला हा अडवत नाही, चावी लावून किंवा वायर जोडून पळवणाऱ्याला अडवतो.

शोधायचं साधन

सिमकार्डाचा जीपीएस ट्रॅकर घेतलात तर त्याची स्वतःची आतली बॅटरी आहे ना ते बघा, नाहीतर गाडीची बॅटरी काढताच तो संपला. टाकीखाली किंवा बाजूच्या प्लॅस्टिक पॅनलमागे लपवा. सीटखाली चोर आधी बघतो. सिमचं रिचार्ज ज्या तारखेला संपतं ती फोनमध्ये घालून ठेवा. दोन मजले खाली असलेल्या तळघरात सिग्नल नसतो, तिथे तुमची गाडी उभी राहत असेल तर हा पैसा साखळीत घाला.

ब्लूटूथचा टॅग स्वस्त असतो, तो आसपासच्या अनोळखी फोनांच्या मदतीने आपली जागा कळवतो. गर्दीच्या शहरात हे चांगलं चालतं. तुमच्या फोनच्या जाळ्याशी जुळणारा घ्या. मात्र आपल्यासोबत अनोळखी टॅग फिरतोय असा इशारा चोराच्या फोनवरही येऊ शकतो, म्हणून पहिल्या तासाभरातच त्याचा खरा उपयोग. नकाशावर ठिकाण दिसलं तर एकट्याने जाऊ नका. ११२ लावा किंवा पोलीस ठाण्यात स्क्रीन दाखवा.

पावसाळ्यातली निगा

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कुलपांना खातो. कुलपाचं भोक खाली राहील असं लावा. मे महिन्याच्या शेवटी आणि पावसात दर पंधरा दिवसांनी ग्रॅफाइटची पूड किंवा पीटीएफईचा (कोरड्या वंगणाचा) स्प्रे मारा. खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून ते आत चिखल करतं. अडकलेली चावी पिळू नका, आधी स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा.

विमा, आणि गाडी गेलीच तर

माझ्या मेहुण्याची गाडी गेली तेव्हा तो निश्चिंत होता, कारण 'पाच वर्षांचा विमा' होता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा, सक्तीचा आहे. पण चोरी त्यात येत नाही. चोरी येते ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात, आणि तो भाग त्याच्या पॉलिसीत एकाच वर्षाचा होता, दीड वर्षापूर्वी संपलेला. त्याला एक पैसा मिळाला नाही. आत्ताच तुमची पॉलिसी उघडा आणि दोन तारखा वेगवेगळ्या वाचा. ओन डॅमेज संपलं असेल तर तेवढंच वेगळं घेता येतं.

मिळणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही, पॉलिसीत लिहिलेली गाडीची घसारा वजा केलेली किंमत. गाडीचं वय तीन ते चार वर्षं असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू किमतीतून ४० टक्के, चार ते पाच असेल तर ५० टक्के घसारा जातो. नव्वद हजारांच्या गाडीचे साडेतीन वर्षांनी ५४ हजार. नवीन गाडीला 'रिटर्न टू इन्व्हॉइस', म्हणजे घसारा न कापता बिलाची किंमत देणारं कव्हर, जोडून घेणं म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षं परवडतं.

गाडी जागेवर नसेल तर रस्त्यावरची असल्यास आधी वाहतूक चौकीत विचारा, टोइंगने नेली असेल. नसेल तर लगेच पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरीचा गुन्हा नोंदवला जातो. हद्द रेल्वेची की शहराची, यावरून कोणी इकडून तिकडे पाठवू लागलं तर झिरो एफआयआर मागा. कुठल्याही ठाण्याला तो नोंदवावा लागतो, आणि तक्रारदाराला प्रत मोफत मिळते. चासी आणि इंजिन नंबर फोनमध्ये आधीपासून ठेवलेले असले तर हे काम पंधरा मिनिटांचं. त्याच दिवशी आसपासच्या दुकानांत आणि सोसायट्यांत जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला सांगा, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. ई-चलानचे मेसेज बघत राहा. चोराने सिग्नल तोडला तर ठिकाण आणि वेळ तुमच्या फोनवर येते.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. एफआयआर वेळेवर असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे, पण तिथवर भांडत जायची वेळ कशाला आणायची. तपास लागला नाही की पोलीस 'ए समरी' अहवाल देतात. त्याला काही महिने लागू शकतात, आणि दावा त्यानंतरच पुढे सरकतो. तेव्हा कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर चावी गाडीलाच राहिली होती का, हा पहिला प्रश्न येतो. माझी दुसरी चावी आता पॉलिसीच्या पाकिटात, आईच्या कपाटात असते.